सशालाही जागा लावून द्या

पोराने हट्ट करून आठवड्याच्या बाजारातून पांढरा ससा आणलेला असतो. पहिले दोन दिवस साऱ्या घराला त्याचे कौतुक. तिसऱ्या दिवशी नुकत्याच सारवलेल्या ओसरीवर लेंड्या पडतात, धान्याच्या पोत्यामागून मुताचा वास येऊ लागतो. मग आजी म्हणते, “टाका ही ब्याद परसात!” ससा कोंबड्यांच्या खुराड्यात जातो. तिथे कुत्री, मांजरे, मुंगूस टपलेलीच असतात. एके सकाळी खुराडे रिकामे आणि पोर रडवेले!

तुमच्या घरी असे घडू नये म्हणून हे चार शब्द. ससा घाणेरडा नसतो. त्याला जागा लावून द्यायची तेवढी आपण विसरतो.

त्याची मूळची सवय

पाळीव ससा हा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. लघवी आणि लेंड्या ठरावीक जागी करायच्या, ही त्याची जुनी सवय. घरातही तो बहुधा एकच कोपरा धरतो. ती सवय आपण फक्त वापरून घ्यायची.

आपल्या रानातला ससा मात्र वेगळ्या जातीचा. तो बीळ करीत नाही. ऊसतोडीत त्याचे पिल्लू दिसले तर घरी आणू नका. त्याची आई दिवसा दूर राहते आणि दूध पाजायला येते. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळायला बंदी आहे.

काय करायचे?

पहिले काही दिवस सशाला घरभर मोकळा सोडू नका. पडवीचा एक भाग फळ्या लावून अडवा आणि तो कोणत्या कोपऱ्यात बसतो ते पाहा. त्याच कोपऱ्यात त्याचे भांडे ठेवा. आपल्या सोयीचा कोपरा त्याच्यावर लादू नका.

भांडे म्हणजे प्लॅस्टिकचे पसरट घमेले चालेल. तेलाचा डबा आडवा कापून घेतला तर कडा आत वळवून ठोका, नाहीतर पाय कापतील. काठ इतका बुटका हवा की ससा सहज आत जाईल, आणि आत त्याला वळता आले पाहिजे. तळाला जुनी वर्तमानपत्रे आणि वर भाताचा कोरडा पेंढा घाला.

आता खरी युक्ती. ससा चारा खाता खाताच लेंड्या टाकतो. म्हणून भांड्याच्या एका बाजूला वाळलेल्या गवताची पेंडी अशी बांधा की आत बसूनच तोंड पोहोचेल. कुसळे नसलेले, फवारणी न झालेले मारवेलसारखे गवत उत्तम. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून भांड्यात टाका. मुताने भिजलेला कागदाचा तुकडाही आत ठेवा. वासाने त्याला जागा कळते.

दुसरीकडे घाण झाली तर जागा लगेच स्वच्छ करा. मातीची जमीन असेल तर ओली माती खरवडून पुन्हा सारवा. फरशीवरचा पांढरा डाग व्हिनेगरने निघतो. वास राहिला की ससा तिथेच परततो.

ओरडू नका, मारू नका. ससा फक्त भितो, शिकत नाही. दोन-तीन आठवडे धीर धरा. पिल्लू असेल तर आणखी थोडा वेळ लागेल.

शिकलेला ससा बिघडला तर?

चार-सहा महिन्यांचा झाला की ससा वयात येतो आणि जागोजागी मुतून हद्द आखू लागतो. नराचे खच्चीकरण केले की ही खोड बहुतेक कमी होते. पण डॉक्टरांना सशाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव आहे का, हे आधी विचारून घ्या.

भांडे रोज साफ करा. ओल्या पेंढ्यावर बसून सशाच्या पायांना जखमा होतात. साफ करताना लेंड्यांकडेही लक्ष द्या. गोल, सारख्या आकाराच्या लेंड्या म्हणजे पोट ठीक. द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चिकट लेंड्या तो स्वतःच खातो. तो आजार नव्हे, त्यातून त्याला पोषण मिळते. मात्र बारा तास लेंड्या नाहीत आणि चाऱ्यालाही तोंड नाही, असे झाले तर ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

काढलेला पेंढा आणि लेंड्या खताच्या खड्ड्यात टाका. चांगले कुजले की परसातल्या वांग्या-मिरचीला उत्तम खत होते.

भांडे साफ करण्याचे काम ज्याने ससा आणला त्या पोरालाच द्या. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. ओसरी स्वच्छ राहिली की आजीही एखादे दिवशी आपल्या हाताने त्याच्यापुढे कोथिंबिरीची काडी धरील.