इंग्रजी शब्दसंपत्ति आणि धातूंची किल्ली

कळंबसारख्या गांवांत मराठी माध्यमांतून शिकलेलीं मुलें नागपूर-पुण्याच्या महाविद्यालयांत जातात, तेव्हां विषय अवघड म्हणून नव्हे, तर ग्रंथांतील इंग्रजी शब्द परके म्हणून त्यांचा धीर खचतो. मग वडील मंडळी त्यांच्या हातीं शब्दांची लांबलचक यादी देतात. अशी घोकलेली यादी परीक्षेपर्यंतहि टिकत नाहीं. वस्तुतः ज्या घरांत संस्कृताचा थोडा तरी संस्कार आहे, तेथें याहून चांगलें साधन पूर्वींपासूनच आहे.

शब्दाचें कुळ कळलें कीं तो सहसा विसरत नाहीं. कळंब म्हणजे कदंब वृक्ष, हें आमच्या गांवांतील मुलांस एकदां सांगितलें कीं पुरे होतें. हृ या एका धातूस निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्नार्थी शब्द होतात. इंग्रजीनें लॅटिनमधून घेतलेल्या शब्दांची घडणहि अशीच आहे. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणें. आंत डोकावून पाहणें तें 'इन्स्पेक्ट', मागें वळून पाहणें तें 'रिट्रोस्पेक्ट', आणि भोंवतालीं पाहून पाऊल टाकणारा तो 'सर्कमस्पेक्ट'. आपल्या 'स्पष्ट' शब्दांतील स्पश् धातु याचाच सगोत्र होय. संस्कृतांत 'स्पश' म्हणजे हेर आणि इंग्रजींत 'स्पाय'! या भाषांचें मूळ एक असावें, असें विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास प्रतिपादिलें होतें.

मात्र केवळ तर्कावर विसंबूं नये. 'इन्स्पेक्ट' मधील 'इन्' म्हणजे आंत; 'इन्व्हिझिबल' मधील 'इन्' नकारार्थी. म्हणून कोश जवळ हवाच, आणि शब्द वाक्यांत पाहावयास हवा. मोल्सवर्थ यांनीं १८३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठी-इंग्रजी कोशांत शब्दांबरोबर म्हणी व वाक्प्रचारहि दिले आहेत. परकी भाषा आत्मसात् करणाऱ्यानें तिचा व्यवहार कसा टिपावा, याचा तो उत्तम धडा आहे.

घरीं एक वही करावी. तींत इंग्रजी शब्द, त्याचा धातु, मराठी प्रतिशब्द आणि स्वतःचें एक वाक्य, अशीं चार घरें आंखावीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आजोबांनीं संस्कृत धातु सांगावा, सूनबाईंनीं कोश उघडावा, नातवंडांनीं वाक्य रचावें. मराठी प्रतिशब्दाचें घर कधींहि रिकामें ठेवूं नये. जो अर्थ मायबोलींत सांगतां येत नाहीं, तो अद्याप नीट समजलेला नसतो. रोज दोनच शब्द घेतले, तरी वर्षाअखेर सातशेंहून अधिक होतात, आणि घरांतून बाहेर पडणारें मूल महाविद्यालयांत बिचकत नाहीं.