आलेखाचा कागद पुरेना!

आलेखाचा एक कागद घ्या. आडवा 1 सेंटीमीटर म्हणजे 10 मिनिटं, उभा 1 सेंटीमीटर म्हणजे 10 किलोमीटर. आता त्यावर डेक्कन क्वीन सोडू. मुंबई ते पुणे 192 किलोमीटर, वेळ साधारण सव्वातीन तास. रेघ साडेएकोणीस सेंटीमीटर आडवी सरकते, जवळजवळ तितकीच वर चढते. अख्खी गाडी वहीच्या पानात मावली! रेघ जितकी उभी तितका वेग जास्त. आडवी पडली की गाडी थांबली. बोरघाटात तर भलतीच गंमत. 37 फुटांमागे 1 फूट असा चढ, गाडी धापा टाकत वर चाललेली, आणि रेघ मात्र नेमकी तिथेच लोळायला लागते. तिला डोंगर दिसतच नाही, वेग तेवढा दिसतो.

आता त्याच कागदावर विहिरीत दगड टाकू. विहीर अथांग आहे, आत हवेचा अडथळा नाही आणि गुरुत्वाचं त्वरण शेवटपर्यंत तेवढंच राहतं, एवढं माझ्यासाठी मान्य करा. पहिल्या सेकंदाअखेर 4.9 मीटर, दुसऱ्याअखेर 19.6, तिसऱ्याअखेर 44.1. ही रेघ वाकत वाकत उभी होते, आणि ते वाकणं म्हणजेच त्वरण. 10 मिनिटांत 1,764 किलोमीटर! कागदावर आडवा एकच सेंटीमीटर झालाय, आणि रेघ पुरुषभर उंच. पुणं यायला पाऊण तास आहे तोवर दगडाने चंद्राएवढं अंतर, 3,84,400 किलोमीटर, कापलेलं. गाडी पुण्यात शिरेपर्यंत कागद लागतो 670 मीटर!

दम धरा. 24 डिसेंबर 2024 ला पार्कर सोलर प्रोब हे यान सूर्याजवळून गेलं, ताशी सुमारे 6,92,000 किलोमीटर वेगाने. भागा 3,600 ने. सेकंदाला 192 किलोमीटर. हो, तेच 192! मुंबई-पुणे एका सेकंदात. कर्जतचा वडा नाही, लोणावळ्याची चिक्की नाही. याच वेगाने ते सव्वातीन तास पळालं तर कागद सव्वादोन किलोमीटर उंच, कळसूबाईच्याही वर!

आणि प्रकाश? सेकंदाला 2,99,792 किलोमीटर. सव्वातीन तासांत साडेतीनशे कोटी किलोमीटर. कागदाची उंची 3,500 किलोमीटर! भारताची दक्षिणोत्तर लांबीच 3,214 किलोमीटर. कागद काश्मीरपासून अंथरत आणला तर शेवटचं टोक समुद्रात भिजणार.

तेव्हा मुलांनो, आलेख काढायच्या आधी प्रमाण ठरवा. त्याचेही गुण असतात.