रविवारची पक्षीफेरी: हौसेच्या नोंदी संशोधनाला कधी चालतात?

माझ्याकडे एक वही आहे. खोपोली-साजगाव पट्ट्यात आम्ही चार-सहा जण रविवारी सकाळी पक्षी बघायला जायचो, त्या चाळीसेक फेऱ्यांच्या नोंदी तिच्यात आहेत. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी ती मोठ्या आशेने मॅडमसमोर ठेवली. वाटलं होतं, निम्मं काम झालेलंच आहे. त्यांनी दहा-बारा पानं उलटली आणि एकच प्रश्न विचारला: "यात कावळा कुठे आहे?"

कावळा कुठेच नव्हता. साळुंकी नव्हती, कबूतर नव्हतं. राखी धनेश दोनदा होता, नवरंग होता, एका पानावर तीन उद्गारचिन्हांसह तिबोटी खंड्या होता. पण कावळा लिहायचं कोणालाच सुचलं नव्हतं, कारण तो काय रोजच दिसतो. किती वाजता निघालो, किती चाललो, किती जण होतो, हेही बहुतेक पानांवर नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "आठवणी म्हणून छान आहे. डेटा म्हणून काही करता येणार नाही."

चाळीस रविवार! तुमच्यापैकी अनेक जण असल्या गटांबरोबर फिरत असतील किंवा गावात गट सुरू करायच्या विचारात असतील. पुढे संशोधन करायचं असेल, तर पहिल्या फेरीपासून कोणत्या चार गोष्टी पाळायच्या आणि त्या का, ते या लेखात सांगतो.

हौशी लोकांच्या नोंदींवर खरंच संशोधन होतं?

होतं, आणि बरंच होतं. १९०० सालच्या नाताळात अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी पक्षी मारण्याच्या स्पर्धेऐवजी पक्षी मोजण्याची कल्पना मांडली. पहिल्या वर्षी २७ माणसांनी २५ ठिकाणी मोजणी केली. ती मोजणी आजही दरवर्षी होते.

आपल्याकडचं ताजं उदाहरण म्हणजे २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल. त्यात ९४२ जातींचं मूल्यमापन आहे आणि ते ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभं आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी २०४ घटल्या, ९८ स्थिर राहिल्या आणि ३६ वाढल्या. नीलपंखासारखा, तारेवर बसलेला सहज दिसणारा पक्षीही इतका घटलाय, की त्याच्या जागतिक दर्जाचा फेरविचार व्हावा अशी शिफारस या अहवालात आहे. उलट चिमणी संपत चालली असं आपण सगळेच म्हणतो, पण २०२० च्या अहवालात ती देशपातळीवर साधारण स्थिर आणि मोठ्या शहरांत मात्र घटलेली दिसली.

म्हणजे साध्या, रोजच्या पक्ष्यांबद्दलचा आपला अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. तो तपासायचा तर साध्या पक्ष्यांच्याच नोंदी लागतात. नेमक्या त्याच आपण करत नाही.

पहिली गोष्ट: पूर्ण यादी

हे अहवाल ज्या मोजमापावर चालतात ते अगदी सोपं आहे. समजा, एका वाटेवरच्या २४ याद्या आहेत आणि त्यांपैकी १८ याद्यांमध्ये भारद्वाज आहे. भारद्वाजाची नोंद-वारंवारता झाली ७५ टक्के. पाच वर्षांनी तीच ५० टक्क्यांवर आली तर काहीतरी बदललंय असं म्हणायला आधार मिळतो.

पण यात एक अट लपलेली आहे. ज्या सहा याद्यांत भारद्वाज नाही, तिथे तो खरंच दिसला नव्हता असं धरावं लागतं. तुम्ही फक्त 'भारी' पक्षी लिहीत असाल तर ही अट मोडते. यादीत नसलेला पक्षी 'दिसला नाही' की 'लिहिला नाही', हे कळायला मार्गच उरत नाही. माझ्या कावळ्याचं तेच झालं.

म्हणून नियम असा: ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, दिसलेला आणि ऐकलेलाही. ई-बर्ड ॲपवर यादी पाठवताना शेवटी विचारतात, ही ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी आहे का? त्या एका प्रश्नावर तुमच्या यादीचं पुढचं आयुष्य ठरतं. एखादा पक्षी ओळखता आला नाही तरी यादी पूर्णच असते. ओळखलेला पक्षी मुद्दाम गाळला तर मात्र ती अपूर्ण.

दुसरी गोष्ट: किती मेहनत घेतली ते

तीन तास फिरून ४० जाती दिसल्या आणि अर्ध्या तासात २० दिसल्या, तर पहिल्या दिवशी पक्षी जास्त होते असं म्हणता येईल का? अर्थातच नाही. म्हणून प्रत्येक यादीवर सुरुवातीची वेळ, लागलेला वेळ, चाललेलं अंतर आणि माणसांची संख्या या चार गोष्टी हव्यातच. लिहायला मिनिटही लागत नाही, आणि नसल्या तर नंतर कशानेही भरून काढता येत नाहीत.

माणसांचा आकडा विशेष महत्त्वाचा. चार जणांना दिसतं त्यापेक्षा आठ जणांना जास्त दिसतं. वीस जण झाले की मात्र गप्पा वाढतात आणि पक्षी आधीच उडून जातात. म्हणून आठ-दहांच्या वर माणसं आली तर दोन गट करून वेगळ्या वेळी किंवा उलट्या दिशेने सोडा. एका गटाची एकच यादी ठेवा आणि ती बाकीच्यांना ॲपवरून शेअर करा. प्रत्येकाने स्वतंत्र यादी टाकली तर एकच खंड्या सहा वेळा मोजला जातो.

तिसरी गोष्ट: तीच वाट, तोच दिवस

आमची मोठी चूक इथे होती. आज नदीकाठ, पुढच्या वेळी डोंगर, कोणी सांगितलं की तिकडे घुबड आहे तर तिकडे. मजा आली, पण कोणत्याही दोन रविवारांची तुलना करता येईना.

एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्यात किती ताकद आहे, याचं उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली किहीमला सुगरणींची एक वसाहत रोज बघत बसले. नर अर्धवट घरटं विणतो, मादीने ते पसंत केलं की पुरं करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो, हा उलगडा त्या बैठकीतून झाला. दहा वेगवेगळ्या गावांत एकेक दिवस फिरून तो झाला नसता.

गटाच्या बाबतीत बंगळूरचा दाखला घ्या. तिथल्या लालबागेत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पक्षीनिरीक्षक जमतात, आणि ही प्रथा १९७० च्या दशकापासूनची आहे. दिवस ठरलेला असला की दर वेळी 'कधी जमायचं' यावर चर्चा होत नाही आणि नव्या माणसाला यायला कोणाची ओळख लागत नाही. आपल्याकडेही ही परंपरा आहेच. पहिलं महाराष्ट्र पक्षीमित्र संमेलन १९८१ साली आपल्या घाटमाथ्यावर, लोणावळ्याला झालं.

चौथी गोष्ट: 'दिसला नाही' म्हणजे 'नाही' नव्हे

समजा, एका ओढ्याकाठी नवरंग आहे, पण तो दहापैकी तीनच फेऱ्यांत तुम्हाला सापडतो. म्हणजे एका फेरीत हुकण्याची शक्यता ७० टक्के. सलग पाच फेऱ्यांत हुकण्याची शक्यता ०.७ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे साधारण १७ टक्के. आठ फेऱ्यांत ती ६ टक्क्यांच्या आसपास येते. एकदाच जाऊन 'इथे नवरंग नाही' असं लिहिणं म्हणूनच धोक्याचं. 'ऑक्युपन्सी मॉडेल' नावाचा प्रकार पुढे अभ्यासात येईल, त्याचा गाभा एवढाच आहे: पक्षी असणं आणि तो आपल्याला सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या काढायला पुन्हा पुन्हा जावं लागतं.

त्यात ही शक्यता महिन्यागणिक बदलते. नवरंग पावसाच्या तोंडावर खच्चून ओरडतो, नंतर गप्प होतो. पक्षी तोच, जागा तीच, पण नोंदी कमी. म्हणून जूनची तुलना जूनशीच करायची.

साजगावात फेरी आखायची तर

आता हे सगळं जमिनीवर आणू. वाट दीड-दोन किलोमीटरची पुरे. तिच्यात नदीकाठ, भातशेती, वस्ती आणि झाडोरा यांचा थोडा थोडा भाग यावा. अर्ध्या-पाऊण तासाने यादी बंद करून नवी सुरू करा, म्हणजे नदीकाठचे पक्षी आणि शेतातले पक्षी वेगळे राहतात.

नदीचा तुकडा सोडू नका. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारं पाणी १९१५ पासून पाताळगंगेत येतं. त्यामुळे आजूबाजूचे ओढे आटले तरी या नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं. खंड्या, बगळे, पाणकावळे इथे मे महिन्यातही का दिसतात, आणि थंडीत धोबी-तुतवार किती आठवडे मुक्काम करतात, असे प्रश्न या वाटेवरच विचारता येतात.

पावसाळ्यात फेरी बंद करायचा मोह होईल. शक्यतो करू नका. चातक, पावशा, नवरंग, तिबोटी खंड्या, भाताच्या कडेला विणणाऱ्या सुगरणी, हे सगळं त्याच महिन्यांत असतं. मुसळधार पाऊस असेल, ओढ्याला पाणी चढलं असेल तर मात्र फेरी रद्द, आणि वहीत 'फेरी रद्द, पाऊस' असं लिहायचं. रिकामा रविवार का रिकामा होता, हेही कळायला हवं.

कार्तिकात साजगावच्या विठोबाची यात्रा असते, सुक्या मासळीच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. तेव्हा वाटेवर माणूसच माणूस. घारी-कावळ्यांचा आकडा अचानक फुगला आणि बुजरे पक्षी गायब झाले, तर पुढे ती नोंद वाचणाऱ्याला यात्रा होती हे कळायला हवं. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहा.

माणसं टिकली तर डेटा टिकेल

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. डेटाचं वेड लागल्यावर मी फेरीत मास्तरासारखा वागायला लागलो: बोलू नका, थांबू नका, आकडा सांगा. तीन महिन्यांत निम्मी माणसं यायची बंद झाली. त्यात आमच्यातले सर्वांत तीक्ष्ण कान असलेले एक काकाही होते. त्यांचं म्हणणं साधं होतं, "मी पक्षी बघायला येतो रे, तुझ्या पीएचडीला नाही."

तेव्हापासून लिहिण्याचं काम दर वेळी एकाकडे असतं आणि ते पाळीपाळीने फिरतं. बाकीच्यांनी खुशाल बघावं. शेवटी चहाच्या टपरीवर यादी मोठ्याने वाचायची. राहिलेला कावळा तिथे हमखास सापडतो आणि नव्यांची उजळणीही होते. दोघेच आले तरी फेरी होते.

नोंदी संशोधनात वापरणार असाल तर ते आधीच, स्पष्ट सांगा, आणि लेखात गटाचा उल्लेख काय होणार हेही ठरवा. या तालुक्यांत ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. तिथल्या अनेकांना पक्ष्यांचे आवाज, घरट्यांच्या जागा, आपल्याकडे पुस्तकात नसलेली नावं ठाऊक असतात. ती माहिती वापरताना ती कोणाकडून आली हे त्यांची परवानगी घेऊन नोंदवा.

आणि घरट्याची नेमकी जागा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. फोटोसाठी तिथे गर्दी झाली तर आई-बाप पिल्लांपर्यंत जायचे थांबतात. अंडी-घरट्यांना त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणंही नको. त्याने पक्षी बिथरतो आणि तुमचा 'सापडण्याचा' आकडाही खोटा होतो.

या नोंदी काय सांगणार नाहीत

"एक्स्प्रेसवेमुळे इथले पक्षी कमी झाले का?" हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. एका वाटेच्या नोंदी त्याचं उत्तर देऊ शकत नाहीत. त्यासाठी रस्त्यापासून जवळच्या आणि लांबच्या, बाकी बाबतींत सारख्या अशा अनेक वाटा लागतील. तुमची एक वाट म्हणजे अख्खा खालापूर-कर्जत नव्हे. ती सांगेल ते एवढंच: या वाटेवर, या महिन्यांत, हे पक्षी किती वेळा दिसतात आणि वर्षागणिक त्यात काय बदलतं. पण एवढंही आज फार थोड्या गावांबद्दल लिहिलेलं आहे.

सुरुवात करायची असेल तर ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह सोयीचा आहे. ५ ला मारुती चितमपल्लींचा आणि १२ ला सालिम अलींचा जन्मदिवस. पहिल्या फेरीआधी फक्त एवढं ठरवा: वाट, महिन्यातला रविवार, निघायची वेळ आणि पहिल्या दिवशी लिहिणार कोण. यादीत सगळ्यात वर कावळा येईल. येऊ द्या.