बोअर, स्ट्रोक आणि चिखलदऱ्याचा घाट

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी कित्येक वर्षं खड्डे चुकवण्यातच या वाटेवरच्या ड्रायव्हरचं कसब खर्ची पडायचं. रस्ता सुधारला आणि जुनी इंजिनं उघडी पडली. गाडीत पाच माणसं, एसी सुरू, समोर लांबलचक ट्रेलर. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ओव्हरटेक काही पुरा होत नाही. मग कोणीतरी सुचवतोच: इंजिन बोअर करून घे, दम वाढेल.

सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

टर्बो नसलेल्या इंजिनात हवा कोणी कोंबत नाही. पिस्टन खाली जातो आणि वातावरणाच्या दाबामुळे जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर भागवावं लागतं. वऱ्हाडात तीही पातळ असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवेची घनता १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्क्यांनी कमी भरते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून अकराशे मीटरवर पोचलं, की समुद्रसपाटीच्या मानाने हवेचा दाब आणखी बाराएक टक्क्यांनी उतरलेला असतो. घाटात मारुती ८०० दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते त्यात कार्ब्युरेटरचा दोष दरवेळी नसतो.

हवा पातळ असेल तर ती जास्त घ्यायची, म्हणजे सिलिंडरचं आकारमान वाढवायचं. भोक रुंद करायचं म्हणजे बोअर, पिस्टनची धाव लांबवायची म्हणजे स्ट्रोक. यात बोअरचा वर्ग होतो, स्ट्रोकचा होत नाही. म्हणून रुंदीतला प्रत्येक मिलिमीटर अधिक फळतो. अडचण एवढीच, की सिलिंडरची भिंत फार जाड नसते.

एक साधा हिशेब. मारुती ८०० चा बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२, सिलिंडर तीन. क्षमता ७९६ सीसी. मिस्त्रीने अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन टाकला तर ती सुमारे ८०८ सीसी होते. वाढ दीड टक्का! इतकी ताकद टायरमध्ये हवा कमी असली तरी खर्च होऊन जाते. बोअर केल्यावर गाडी नव्यासारखी पळते ती वाढलेल्या बारा सीसीमुळे नव्हे. फाटक्या एअर फिल्टरमधून गेलेल्या धुळीने सिलिंडर झिजून लंबगोल झालेला असतो, रिंगांच्या फटीतून कॉम्प्रेशन निसटत असतं, ऑइल जळत असतं. बोअरिंग मशीन तो पुन्हा गोल करते, एवढंच. ती दुरुस्ती आहे, आणि चांगला कारागीर ती तशीच करतो: आधी पिस्टन हातात घेऊन मोजतो, मग त्या मापाने भोक करतो, शेवटी होनिंगने भिंतीवर ऑइल धरणाऱ्या तिरप्या रेघा पाडतो. पिस्टन यायच्या आधीच ब्लॉक कापून ठेवणाऱ्यापासून लांब राहावं.

खरी ताकद बोअरमधून काढायची तर ब्लॉकमध्ये तेवढं लोखंड हवं. अ‍ॅम्बॅसॅडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाचं उदाहरण बोलकं आहे. त्याचा बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने याच कुळातल्या इंजिनाचा स्ट्रोक तसाच ठेवून बोअर ८० च्या पुढे नेला आणि १९६२ मध्ये १७९८ सीसीचं इंजिन एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये बसवलं. आपल्याकडे सरकारी साहेब ज्या गाडीत मागच्या सीटवर डुलक्या काढायचे, तिच्या इंजिनाचा सख्खा भाऊ तिकडे शर्यती पळत होता.

स्ट्रोकचं उदाहरण याहून जवळचं, अमरावतीच्या कुठल्याही पार्किंगमध्ये शेजारी-शेजारी उभं सापडेल असं. २०११ ची पेट्रोल स्विफ्ट आणि २०१२ ची पेट्रोल अर्टिगा. बोअर दोन्हींचा ७३ मिलिमीटर. स्विफ्टचा स्ट्रोक ७१.५, अर्टिगाचा ८२. त्यामुळे ११९७ सीसीचे १३७३ झाले, जवळजवळ १५ टक्के वाढ. टॉर्क ११४ न्यूटन मीटरवरून १३० वर गेला, म्हणजे १४ टक्के. अश्वशक्ती मात्र ८७ वरून ९५, जेमतेम नऊ टक्के. खालच्या फेऱ्यांवर ओढ वाढते, वरच्या फेऱ्यांवर व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड तेवढी हवा पुरवू शकत नाहीत. सात माणसं भरून निघणाऱ्या गाडीला ओढच हवी असते, तेव्हा कंपनीचा सौदा शहाणपणाचा होता.

कारखान्याला जे जमलं ते गल्लीतल्या गॅरेजमध्ये जमवणं अवघड. स्ट्रोक १०.५ मिलिमीटरने वाढला की पिस्टन सव्वापाच मिलिमीटर वर येतो आणि तेवढाच आणखी खाली जातो. म्हणजे नवा क्रँक, आणि वर पिस्टन हेडला धडकू नये म्हणून आखूड कनेक्टिंग रॉड किंवा पिन वर सरकवलेला पिस्टन. क्रँकची पिन मध्यापासून सरकवून ग्राइंड करायची युक्ती आहे, पण पिनचा व्यास दोन मिलिमीटर कमी केला तर स्ट्रोक फार तर दोन मिलिमीटर वाढतो. शिवाय ६००० फेऱ्यांवर ७१.५ च्या स्ट्रोकला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १४.३ मीटर असतो, ८२ च्या स्ट्रोकला १६.४. तो भार बेअरिंग आणि रॉडच सोसतात.

कॉम्प्रेशनचं गणितही बिघडतं. हेडमधली पोकळी तीच आणि सिलिंडर १५ टक्के मोठा, तर १० चं गुणोत्तर ११.३ होतं. अकोल्याच्या उन्हात साध्या पेट्रोलवर ते नॉकिंगला आमंत्रण. म्हणून पिस्टनचा माथा खोलगट घ्यावा लागतो, हेडचे पोर्ट मोकळे करावे लागतात, कॅमशाफ्ट बदलावा लागतो आणि इंधनाचं ट्यूनिंग पुन्हा करावं लागतं. या कामांचा खर्च जोडत गेलं की जुनी अर्टिगा विकत घेणंच स्वस्त वाटायला लागतं.

शेवटी आरटीओ. एमएच-२७ असो की एमएच-३०, आरसीवर घनक्षमता छापलेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अधिक कडकपणे सांगितलं. सीएनजी किटला परवानगी मिळते. इंजिन मोठं करायला तशी मुभा नाही. झिजलेल्या ब्लॉकला ओव्हरसाइज पिस्टन घालणं ही वेगळी गोष्ट, ती दुरुस्तीच्या खात्यात जाते, आणि अमरावती-अकोल्यातली बोअरिंग मशीनं प्रामुख्याने त्यासाठीच फिरत असतात.