हीटरचा बल्ब वीस रुपयांचा, मग मजुरी किती?



वसईत गाडीचा हीटर लावतो कोण, असं म्हणून हसू नका. जुलैच्या रात्री हायवेवर चिंचोटीच्या पुढे पाऊस कोसळत असतो आणि समोरची काच आतून धुरकट होते, तेव्हा हेच पॅनल कामाला येतं. एसी चालू, झोत काचेकडे आणि तापमानाचा नॉब जरासा लाल बाजूला. एसी हवेतला ओलावा काढतो, कोमट हवा काच सुकवते. पण नॉबमागचा दिवाच गेला असेल तर? माझा गेला होता. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने अंधारात चाचपणं. शेवटी गाडी कडेला घेतली.

एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "अख्खं पॅनल बदला." खर्च काही हजार. मग सातिवलीला एका छोट्या गाळ्यात गेलो. नवा ऑटो इलेक्ट्रिशियन, वय असेल पंचवीस.

त्याने आधी पार्किंग लाइट लावले. मीटरचे दिवे लागले, फक्त हीटरचं पॅनल काळं. म्हणजे फ्यूज बहुतेक ठीक, बल्बच गेलाय. सगळंच काळं असतं तर त्याने आधी फ्यूज पाहिला असता. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मोबाईलवर फोटो काढला आणि स्क्रू ताटलीत ठेवत गेला. नॉब सरळ ओढून निघाले. भोवतालची फ्रेम मात्र त्याने प्लास्टिकच्या पट्टीने उचलली, कारण स्क्रूड्रायव्हरने ओरखडा पडतो आणि जुन्या गाडीची क्लिप कटकन तुटते. "क्लिप तुटली तर नवी लावावी लागेल, चालेल ना?" हे त्याने आधीच विचारलं. मला हे फार आवडलं.

पॅनल पुढे ओढल्यावर मागे बल्बचा होल्डर. पाव फेरा डावीकडे फिरवला की बाहेर. आत नखाएवढा १२ व्होल्टचा, बिनटोपीचा बल्ब. दोन होते, एक गेलेला, पण त्याने दोन्ही बदलले. दुसरा महिन्याभरात गेला तर सगळं परत खोलायचं कोणी? एलईडी टाकली आणि पेटली नाही, तर घाबरू नका. ती काढून उलटी फिरवून बसवा, कारण तिला प्लस-मायनस असतं. पॅनल बंद करण्याआधी दिवे लावून बघा, हे तर सांगायलाच नको. आणि नव्या गाड्यांत बऱ्याचदा एलईडी बोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे हे काम वेगळं, भावही वेगळा.

पन्नास मिनिटं गेली. तेवढ्यात दोन टेम्पोवाले थांबून निघून गेले.

"किती झाले?"

"शंभर द्या, सर."

दोन बल्बचे चाळीस. म्हणजे मजुरी साठ! मी म्हटलं, बस जरा, हिशोब करू. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. त्यात गिऱ्हाईक असलेले निम्मे धर, १००. गाळा, वीज, हत्यारं मिळून १२ हजार, घरी न्यायचे २५ हजार. ३७ हजार भागिले १००, म्हणजे तासाला ३७०. पन्नास मिनिटांचे झाले ३०८.

"पण सर, एवढ्याशा बल्बला एवढे कोण देईल?"

खरा प्रश्न आहे. बल्ब हातात धरून ३५० मागितले तर कोणीच देणार नाही. काम सुरू करण्याआधी सांग: पॅनल बदललं तर हजारोंचा खर्च, मी खोलून दुरुस्त करतो, मजुरी तीनशे, बल्ब वेगळे. नाही म्हणणारा तेव्हाच जाईल, पन्नास मिनिटांनी नाही.

मी ३५० दिले. घेताना तो लाजला. बिलबुक नव्हतं, उद्यम नोंदणीही नव्हती. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस, एवढं सांगून निघालो.

परवा तिकडून गेलो तर गाळ्यावर पाटी दिसली. 'डॅशबोर्ड लाइट: मजुरी ३००, बल्ब वेगळा.' खाली बारीक अक्षरांत: 'नवीन गाडी आधी बघून सांगू.'