संघ सोडायचा ठरला, पण दूध कुठे घालायचं?



दिल्लीला मंत्रालयाच्या कामासाठी, परीक्षेसाठी किंवा नुसतं फिरायला आलेल्या मराठी माणसाला कस्तुरबा गांधी मार्ग बहुतेक ठाऊक असतो. इंडिया गेटच्या बाजूला याच रस्त्यावर नवीन महाराष्ट्र सदन आहे, २०१३ साली सुरू झालेलं. तिथून कॅनॉट प्लेसच्या दिशेनं चालत निघालात तर पंधरा-वीस मिनिटांत ब्रिटिश कौन्सिलची इमारत लागते. ती आपल्या चार्ल्स कोरिया यांनी रचलेली आहे. दर्शनी भिंतीवर पांढरा संगमरवर आणि काळा कडप्पा वापरून वडाच्या सावलीसारखं भलंमोठं चित्र केलेलं आहे. इंग्रजांच्या काळात या रस्त्याचं नाव कर्झन रोड होतं.

एकाच रस्त्यावर महाराष्ट्राचं घर आणि ब्रिटनचं घर. आज या दोन्ही घरांशी संबंध असलेला एक प्रश्न घेऊ. एखाद्या देशानं व्यापारी गटातून बाहेर पडायचं ठरवलं, तर ‘बाहेर पडायचं’ हे ठरल्यानंतरच खरं भांडण का सुरू होतं? ब्रिटनचं उदाहरण तर घेऊच. पण २०१९ साली आपणही अशाच एका गटाच्या दारातून परत फिरलो होतो. तेही पाहू.

आधी एक साधं उदाहरण, मनानं रचलेलं. समजा एका गावात दूध संस्था आहे. ती तालुका संघाला दूध घालते. दर पटत नाही, फॅट कमी लावतात अशी तक्रार आहे. सभेत मतदान होतं. संघ सोडावा या बाजूनं ५२ हात वर होतात, विरोधात ४८. ठराव पास. आता प्रश्न येतो की उद्या सकाळी दूध कुठे घालायचं?

त्या ५२ जणांतले काही म्हणतात, खासगी डेअरीला घालू. काही म्हणतात, शेजारच्या तालुक्याच्या संघाला घालू. काही म्हणतात, आपलंच शीतकरण केंद्र काढू. तिन्ही गट ‘सोडा’ म्हणणारेच, पण ५२ चे तीन वाटे झाले की कुणाकडेच बहुमत उरत नाही. उलट ४८ जणांचा गट अजून एकसंध आहे. आणि दूध काही सभेसाठी थांबत नाही, ते दिवसातून दोनदा निघतंच.

ब्रिटनमध्ये नेमकं हेच झालं.

ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समुदायात गेला. २३ जून २०१६ रोजी तिथे सार्वमत झालं. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडा म्हटलं, ४८.१ टक्क्यांनी राहा म्हटलं. इंग्लंड आणि वेल्सचा कौल बाहेर पडण्याचा होता, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचा राहण्याचा. मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते. पण बाहेर पडायचे रस्ते किमान चार होते. ते एकेक समजून घेऊ.

पहिला रस्ता नॉर्वेचा. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण त्याच्या एकल बाजारात आहे. माल, सेवा, पैसा आणि माणसं बव्हंशी अडथळ्याविना ये-जा करतात. बदल्यात बाजाराचे नियम पाळायचे आणि पैसेही भरायचे, मात्र ते नियम ठरवताना मत द्यायचा अधिकार नाही. ज्यांनी परदेशातून येणाऱ्या कामगारांवर आपलं नियंत्रण हवं म्हणून मत दिलं होतं, त्यांना हे मान्य होणं शक्य नव्हतं.

दुसरा रस्ता सीमाशुल्क संघाचा. तुर्कस्तानचा युरोपीय संघाशी मुख्यतः औद्योगिक मालापुरता असा करार आहे. आपसात आयातशुल्क नाही, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचं शुल्क एकच. याचा फायदा कारखान्यांना. तोटा असा की भारत किंवा अमेरिकेशी शुल्क कमी करण्याचा स्वतंत्र करार करता येत नाही, कारण शुल्क ठरवणं आपल्या एकट्याच्या हातात राहत नाही.

तिसरा रस्ता कॅनडाचा, म्हणजे मुक्त व्यापार करार. बहुतेक मालावर शुल्क नाही, बाकी धोरण ज्याचं त्याचं. पण सीमेवर कागदपत्रं आणि तपासणी आली.

चौथा रस्ता करारच न करण्याचा. मग जागतिक व्यापार संघटनेचे सर्वसाधारण नियम लागू होतात. युरोपात जाणाऱ्या मोटारगाडीवर १० टक्के शुल्क लागतं.

या चौथ्या रस्त्याची धास्ती मुंबईपर्यंत पोचली होती. जग्वार लँड रोव्हर ही कंपनी २००८ पासून टाटा मोटर्सची आहे. तिच्या काही गाड्यांची जुळणी आपल्या पुण्यातही होते. जुलै २०१८ मध्ये या कंपनीनं जाहीर इशारा दिला की वाईट पद्धतीनं बाहेर पडलात तर आमचा वर्षाला १.२ अब्ज पौंडांहून जास्त नफा जाईल. मोटारीचे सुटे भाग समुद्रापलीकडून रोज वेळेवर यावे लागतात. ट्रक बंदरावर अडला की कारखान्यातली ओळ थांबते.

आता सगळ्यात अवघड गाठ. आयर्लंड बेटावर दोन राज्यव्यवस्था आहेत. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, उरलेला आयर्लंड हा स्वतंत्र देश आणि युरोपीय संघाचा सदस्य. मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची हद्द. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १० एप्रिल १९९८ रोजी तिथे शांतता करार झाला. त्यानंतर हद्दीवरचे लष्करी पहारे हळूहळू निघाले. व्यापाराची तपासणी त्याआधीच, १९९३ मध्ये एकल बाजार सुरू झाला तेव्हा थांबली होती.

हे समजायला मुंबईचे जकात नाके आठवा. दहिसर, मुलुंड इथे ट्रकांच्या रांगा लागायच्या. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि नाके बंद झाले. मुंबईची हद्द पुसली गेली का? नाही. कर एक झाला म्हणून हद्दीवर थांबायचं कारण संपलं. कागल आणि निपाणीच्या मध्ये आजही राज्याची हद्द आहे, पण मालाच्या ट्रककडे कुणी जकात मागत नाही. आता कल्पना करा, उद्या दोन्ही बाजूंचे कर आणि नियम वेगळे झाले. नाका परत कुठेतरी बसवावा लागेल. आयर्लंडमध्ये तो हद्दीवर बसवणं म्हणजे शांतता कराराला धक्का. समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनच्या मध्ये बसवणं म्हणजे स्वतःच्याच देशाचे दोन भाग करणं. आणि नाका नकोच असेल, तर अख्ख्या ब्रिटननं युरोपचे नियम पाळत राहायचं, मग बाहेर पडून मिळवलं काय?

पंतप्रधान थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ रोजी बाहेर पडण्याची अधिकृत नोटीस दिली. नियमाप्रमाणे दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. कोणता रस्ता घ्यायचा यावर ना पक्षात एकमत होतं, ना संसदेत. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी मुदतपूर्व निवडणूक घेतली, त्यात बहुमत गेलं आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या १० खासदारांचा आधार घ्यावा लागला. त्या पक्षाला समुद्रातला नाका कदापि मान्य नव्हता.

जुलै २०१८ मध्ये मे यांनी मधला मार्ग मांडला, तेव्हा डेव्हिड डेव्हिस आणि बोरिस जॉन्सन या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. नोव्हेंबरमध्ये युरोपशी करार ठरला. १५ जानेवारी २०१९ रोजी संसदेनं तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला. कट्टर बाहेरवाल्यांना तो करार अर्धवट वाटला आणि राहावाल्यांना तो मुळातच नको होता. कारणं उलटी, मत एकच.

मग खासदार म्हणाले, आम्हीच पर्याय शोधतो. २७ मार्चला आठ पर्यायांवर मतदान झालं. एकही पास नाही. १ एप्रिलला चार पर्यायांवर झालं. तेव्हाही एकही नाही. सीमाशुल्क संघाचा पर्याय फक्त तीन मतांनी पडला, २७३ विरुद्ध २७६. आपल्या दूध संस्थेची सभा आठवली ना?

शेवटी मे गेल्या, जॉन्सन आले. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत त्यांना ८० चं मताधिक्य मिळालं. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला आणि कॅनडाच्या धर्तीचा व्यापार करार २४ डिसेंबर २०२० रोजी ठरला. नाक्याचं काय झालं? तो समुद्रातच बसला. त्यावरून उत्तर आयर्लंडात पुढे वाद धुमसत राहिला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडसर इथे नवी तडजोड करावी लागली.

आता आपल्याकडे येऊ.

आरसीईपी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आसियानचे दहा देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत अशा सोळा देशांचा व्यापारी गट करायची बोलणी २०१२ साली, मनमोहन सिंग पंतप्रधान असताना सुरू झाली. पुढे मोदी सरकारनंही ती चालू ठेवली. शेवटच्या टप्प्यात वाणिज्य खातं आधी कोकणातले सुरेश प्रभू यांच्याकडे आणि मे २०१९ पासून मुंबईचे पीयूष गोयल यांच्याकडे होतं.

अडचण दोन ठिकाणी होती. एक चीन. त्याच्याशी आपली व्यापारी तूट तेव्हाच वर्षाला ५० अब्ज डॉलरहून जास्त होती. दुसरी दूध. न्यूझीलंडची लोकसंख्या सुमारे ५० लाख, पण तिथलं बहुतांश दूध निर्यात होतं. आपल्याकडे जगातलं सर्वाधिक दूध होतं, पण ते दोन-चार जनावरं बाळगणाऱ्या घरांमधून. तिकडची भुकटी शुल्काविना आली, तर कोल्हापूर, सांगली, नगरच्या शेतकऱ्याला दर कोण देणार, हा प्रश्न होता.

भारतानं काही अटी मांडल्या. आयात अचानक वाढली तर शुल्क आपोआप परत लागावं. शुल्ककपातीसाठी २०१४ ऐवजी २०१९ चे दर आधार धरावेत, कारण मधल्या काळात आपण काही शुल्कं वाढवली होती. चिनी माल दुसऱ्या देशाचा शिक्का मारून येऊ नये म्हणून मूळ देशाचे नियम कडक असावेत. समाधान झालं नाही. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये पंतप्रधानांनी भारत सामील होणार नाही असं सांगितलं, आणि सांगताना गांधीजींच्या त्या प्रसिद्ध कसोटीचा आधार घेतला. शंका आली की सर्वांत गरीब माणसाचा चेहरा आठवा, ही ती कसोटी.

यावरही मतभेद झालेच. स्वदेशी जागरण मंच आणि शेतकरी संघटना समाधानी होत्या. काँग्रेसनं आमच्या विरोधामुळे सरकार मागे हटलं असं म्हटलं, तर भाजपनं बोलणी सुरू कुणी केली याची आठवण करून दिली. काही अर्थतज्ज्ञांचं म्हणणं वेगळं होतं. आशियातले कारखाने एकमेकांना सुटे भाग पुरवतात, त्या साखळीतून आपण बाहेर राहू, ही त्यांची भीती होती. ती आजही निकाली निघालेली नाही. उरलेल्या पंधरा देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सह्या केल्या. करारात भारतासाठी दार उघडं ठेवलं आहे. इतर नव्या देशांना १८ महिने थांबायची अट होती, भारताला नव्हती.

दोन्ही गोष्टींतला फरक पाहा. ब्रिटन ४७ वर्षं नांदून निघाला, म्हणून त्याला प्रत्येक नळ आणि प्रत्येक भिंत नव्यानं ठरवावी लागली. आपण सही करण्याआधी थांबलो, म्हणून निघण्याचा खर्च वाचला. न जाण्याचा खर्च मात्र मोजावा लागतोच, आणि तो दिसत नाही म्हणून त्यावर कमी बोललं जातं. त्यानंतर भारतानं एकेका देशाशी करार केले. ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये, आणि ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी. दोन्ही करारांत दुग्धपदार्थ सवलतीबाहेर ठेवले. ब्रिटिश व्हिस्कीवरचं शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार असं ठरलं. ब्रिटननं दुसरा रस्ता, म्हणजे सीमाशुल्क संघाचा, धरला असता तर त्याला हा करार आपल्याशी करताच आला नसता.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘अमुक करारातून बाहेर पडा’ किंवा ‘तमुक गटात चला’, तर होय-नाही म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. कोणत्या मालावरचं शुल्क किती वर्षांत उतरणार? तिसऱ्या देशाचा माल मागच्या दारानं आला तर अडवायचा कसा? आणि बाहेर पडायचं ठरलं, तर नोटीस किती दिवसांची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची सोय काय?

कोणत्याही पक्षाचा नेता असो, त्याच्याकडून या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नक्की घ्या. ठराव संध्याकाळी पास होतो, पण पहाटे धार काढावीच लागते.