शेरलॉक होम्सच्या आधी : बडोद्याचे विषप्रकरण

रहस्यकथांचे वेड आपल्या कॉलेजला नवे नाही. मराठी विभागातली मंडळी बाबूराव अर्नाळकरांची नावे घेतात, तर कानडी विभागातले मित्र एन. नरसिंहय्यांच्या 'पत्तेदारी' कादंबऱ्यांची. हा 'पत्तेदारी' शब्द मला फार आवडतो. आपल्या मराठीतला 'गुप्तहेर' स्वतःला लपवतो. कानडीतला पत्तेदार मात्र दुसऱ्याचा पत्ता काढतो. असो. या सर्व कथांत एक हौशी, चतुर गृहस्थ असतो, पोलिसांना जे दिसत नाही ते त्याला दिसते, आणि शेवटच्या पानावर गुन्हेगार रडत कबुली देतो. शेरलॉक होम्स प्रथम छापून आला 1887 साली. त्याच्या बारातेरा वर्षे आधी आपल्याच एका मराठी संस्थानात असे एक प्रकरण घडले की ज्यात हौशी शोधक होता, पेल्याच्या तळाशी गाळ होता, हिऱ्यांची भुकटी होती आणि कबुलीजबाबही होते. फक्त शेवटचे पान तेवढे नव्हते.

माझ्या आत्याचे सासर बडोद्यास, मांडवीजवळच्या एका पोळात. मांडवी म्हणजे जुन्या शहराचा अगदी मध्य. कमानींची ती चौकोनी इमारत, आणि तिच्यापासून चार दिशांना गेलेले चार रस्ते : पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. पोळात घराला घर लागलेले असते. एका घरात फोडणी पडली की चौथ्या घरात शिंक येते. अशा वस्तीत गुपित ठेवणे कठीण, पण अफवा पसरवणे फार सोपे. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे या गोष्टीचा संबंध येणार आहे.

1874 साली बडोद्याच्या गादीवर मल्हारराव गायकवाड होते. त्यांचा लौकिक चांगला नव्हता. थोरले बंधू खंडेराव महाराज यांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून ते कित्येक वर्षे कैदेत होते. 1870 साली खंडेराव वारले आणि मल्हारराव कैदेतून थेट गादीवर आले. खंडेरावांचे दिवाण भाऊ शिंदे तुरुंगात मरण पावले, तेव्हा विषाचा संशय लोक उघड बोलू लागले. राज्यकारभाराविषयी इतक्या तक्रारी झाल्या की 1873 साली कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती बसली. त्यानंतर दिवाण म्हणून आले ते दादाभाई नौरोजी. पण शहराबाहेरच्या कॅम्पात राहणारे रेसिडेंट कर्नल फेअर यांचे ना महाराजांशी पटे, ना दादाभाईंशी. अखेर 2 नोव्हेंबर 1874 रोजी महाराजांनी व्हाइसरॉयकडे खलिता पाठवला, की या रेसिडेंटाला येथून हलवा.

बरोबर सात दिवसांनी, 9 नोव्हेंबरच्या सोमवारी, फेअरसाहेब सकाळी फिरून आले. दिवाळीचे दिवस होते. रोजच्याप्रमाणे टेबलावर पपनसाचे सरबत ठेवलेले होते. त्यांनी दोनतीन घोट घेतले आणि लिहावयास बसले. अर्ध्याएक तासात मळमळू लागले, डोके जड झाले. सरबत बाधले असे वाटून त्यांनी उरलेले व्हरांड्यात फेकून दिले, आणि पेला खाली ठेवताना तळाशी काळसर गाळ दिसला. त्याच दिवशी ठरलेल्या वारी महाराजही भेटीस येऊन गेले.

येथे आपला हौशी शोधक प्रवेश करतो, आणि तो म्हणजे स्वतः फिर्यादीच. फेअरसाहेबांनी पेला रेसिडेन्सीचे डॉक्टर सेवर्ड यांच्याकडे पाठवला. सेवर्ड यांनी आपल्यापाशी होती तेवढ्या साधनांवर परीक्षा केली व सोमल असल्याचे सांगितले. सोमल ओळखणे ही त्या शतकातली मोठी विद्या होती. पूर्वी सोमलाने मेलेला माणूस पटकीने मेला म्हणून सहज खपत असे, कारण ओकारी, जुलाब ही लक्षणे दोहोंत सारखीच. 1836 मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने अशी रीत काढली की संशयित पदार्थातला सोमल वायुरूपाने बाहेर काढून तापवला, की थंड काचेवर किंवा चिनीमातीवर त्याचा आरशासारखा चकचकीत डाग बसतो. फ्रान्समधल्या मारी लाफार्ज हिच्या 1840 च्या खटल्याने ही रीत जगभर गाजली. उरलेला गाळ मुंबईला सरकारी रसायनपरीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडे गेला आणि त्यांनाही सोमलच सापडला. शिवाय काही चकाकणारे कण होते. ते हिऱ्याच्या भुकटीचे असावेत असे ठरले.

आता हिऱ्याची भुकटी घालण्याचे कारण काय? हिरा गिळला की आतडी चिरतात ही समजूत आपल्याकडे फार जुनी. अंगठीतला हिरा गिळून प्राण देणारे राजेराण्या आपण गोष्टींत ऐकलेल्या आहेतच. प्रत्यक्षात हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पोटात त्याचे काहीच होत नाही, आणि बारीक पूड इजाही करीत नाही. मारायला सोमल पुरेसा होता.

पण या ठिकाणी एक चमत्कारिक गोष्ट घडली, आणि मला तरी सर्व प्रकरणात तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. घटनेला चारपाच दिवस झाले असतील नसतील, तोच फेअरसाहेबांनी खात्रीची गुप्त बातमी म्हणून कळवले, की विषात तीन वस्तू आहेत : सोमल, हिऱ्याची भुकटी आणि तांबे. ही बातमी आणणारा होता भाऊ पुणेकर नावाचा, रेसिडेन्सीत ऊठबस असलेला एक गृहस्थ. म्हणजे गावातल्या कुजबुजीला विषाची पाककृती ठाऊक होती! आणि डॉ. ग्रे यांना तांबे मुळीच सापडले नाही. तीनपैकी दोन बरोबर, एक चूक. रहस्यकथेच्या वाचकाला येथे दोन प्रश्न पडलेच पाहिजेत. बातमीदाराला दोन गोष्टी कशा कळल्या? आणि तिसरी कोठून आली?

डिसेंबरात मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपले निवडक देशी अधिकारी घेऊन आले. रेसिडेन्सीतला शिपायांचा हवालदार रावजी याला माफीचे वचन मिळाले आणि त्याने कबुली दिली : महाराजांनी बोलावून पैसे दिले, पुड्या नरसू जमादाराकरवी आल्या, आपण विष कालवून पेल्यात ओतले. नरसूनेही कबुली दिली. पुढे त्याने विहिरीत उडी टाकली, त्याला वर काढले. नाताळच्या दिवशी रावजीच्या पट्ट्यात एक छोटी पुडी सापडली, तीत सोमल. पुरावा पक्का झाला असे सर्वांना वाटले. 14 जानेवारी 1875 रोजी मल्हाररावांना अटक झाली. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांनीही माफीच्या आशेवर सर्व सांगितले.

23 फेब्रुवारीला बडोदे कॅम्पात आयोग बसला. तीन युरोपियन, तीन हिंदी. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काऊच. सोबत मीड आणि मेल्व्हिल. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने खास विलायतेहून आले सार्जंट बॅलंटाइन. माझ्या मते या कथेतला खरा पत्तेदार हाच. त्याने नवा पुरावा काही आणला नाही. होता तोच पुरावा उलटासुलटा करून दाखवला.

पट्ट्याचेच पाहा. रावजीला पकडल्यावर तो पट्टा दुसरा शिपाई वापरत होता. इतके दिवस पुडी त्यात होती आणि कोणाच्याच हाताला लागली नाही. ती लागली पोलीस अधिकारी अकबर अली यांच्या हाताला. त्यांना पट्ट्यात काहीतरी जाणवले, मग त्यांनी सूटरसाहेबांना बोलावले आणि त्यांच्यादेखत ती बाहेर काढली. बॅलंटाइनचे म्हणणे, की ती तेथे ठेवली कोणी? सोमल कॅम्पातल्या एका बोहरी व्यापाऱ्याकडून आणला असे दामोदरपंत म्हणतात, तर मग त्या व्यापाऱ्याला साक्षीला का उभे केले नाही? बटलर पेद्रोला पैसे मिळाले म्हणून सांगितले जाते, तर पेद्रो शपथेवर साफ नाही म्हणतो. आणि ज्या माणसाने व्हाइसरॉयकडे अर्ज केला आहे व ज्याची रेसिडेंटाच्या बदलीची वाट पाहणे चालू आहे, तो असला अघोर उपाय करील कशाला? (बदली खरोखरच झाली, नोव्हेंबर संपण्यापूर्वीच फेअर यांना काढून सर लुई पेली यांना नेमले गेले.)

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना रस वाटावा असा भाग म्हणजे वह्या. खाजगी खात्याच्या कागदांत काही नोंदींवर शाई सांडलेली आढळली. विषासाठी दिलेले पैसे लपवण्याकरिता आपणच ती सांडली असे दामोदरपंत म्हणाले. बॅलंटाइनने याची थट्टा केली. लपवायचे असेल तर कागद जाळावा; डाग पाडून ठेवणे म्हणजे बोट दाखवणेच की! हेमचंद नावाच्या जवाहिऱ्याने हिरे पुरवल्याचे पोलिसांना सांगितले होते. आयोगापुढे तो फिरला, दडपणाखाली सही केली म्हणाला, आणि त्याच्या वहीतील नोंदींवरही वाद माजला. हिशेबतपासनिसाचा पहिला धडा हाच, की नोंद म्हणजे व्यवहार नव्हे. नोंदीमागे पावती हवी, आणि पावतीमागे देणाराघेणारा. शिवाय नोंद केव्हा झाली हे पाहायचे : व्यवहाराच्या दिवशी, की चौकशी सुरू झाल्यावर?

कायद्याचीही येथे कसोटी होती. 1872 चा पुराव्याचा कायदा तेव्हा अगदी नवा. गुन्ह्यातला साथीदार माफीचा साक्षीदार झाला तर त्याचे बोलणे महत्त्वाच्या तपशिलांत दुसरीकडून पटल्याशिवाय विश्वासास पात्र धरू नये, हे तत्त्व त्यात उदाहरणासह दिले होते. 2024 पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे. कानडीत 'साक्षी' हा एकच शब्द पुरावा आणि साक्षीदार या दोहोंस चालतो. मराठीत आपण 'साक्ष' आणि 'साक्षीदार' वेगळे ठेवतो. रावजी, नरसू, दामोदरपंत हे तिघेही साक्षीदार होते यात वाद नाही. साक्ष किती होती, याबद्दल मात्र आयोगाचे बरोबर दोन तुकडे झाले. तिन्ही युरोपियनांनी महाराजांना दोषी धरले. तिन्ही हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही.

मग सरकारने काय करावे? एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले, पण जाहीरनाम्यात कारण दिले ते विषाचे नव्हे, तर दुर्वर्तनाचे आणि गैरकारभाराचे. त्यासाठी इतका खटाटोप कशाला, हा प्रश्न तेव्हाच्या वर्तमानपत्रांनाही पडला होता. मल्हाररावांची रवानगी मद्रासेस झाली आणि 1882 साली तेथेच ते वारले. 27 मे 1875 रोजी खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज.

गेल्या सुटीत आत्याकडे गेलो असता हे सर्व मी तिच्या सासऱ्यांना उत्साहाने सांगितले. ते ओसरीवर सुपारी कातरीत बसले होते. म्हणाले, "अरे, त्यात काय एवढं शोधायचं? साहेबानंच केलं सगळं. सगळ्या पोळाला माहीत आहे." समोरच्या घरातले काका खिडकीतून म्हणाले, "छे हो आप्पा, महाराजांनीच घातलं विष. आमचे आजोबा सांगायचे." दोघांचाही आवाज अगदी खात्रीचा होता. मी विचारले, "मग तांबं कुठून आलं, आप्पा?"

"कसलं तांबं?" आप्पा म्हणाले, आणि अडकित्ता पुन्हा चालू झाला.